कोमट नळ्या

१२ जानेवारी

प्रिय भिंगरी,

फोनवर मी "सगळं छान" म्हणते, ते खरं धरू नकोस. फोन हातात घेतला की तुझे बाबा खुर्ची ओढून शेजारी बसतात, आणि दोन खोल्यांच्या घरात मी जाऊन जाऊन जाणार कुठे? म्हणून हे पत्र. उत्तर दवाखान्याच्या पत्त्यावर पाठव, घरी नको. माझ्या या दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना, पत्रं फोडायची खोड आहे, आणि वर "चुकून उघडलं" म्हणायचीही.

आधी आमची बातमी. आमच्या दवाखान्यात बारकोड आला! इतकी वर्षं आम्ही रक्ताच्या नळ्यांवर पेनाने नावं लिहायचो. ओला हात लागला की शाई पुसायची. एकाच नावाचे दोन गृहस्थ एकाच दिवशी आले आणि एकाची साखर दुसऱ्याच्या नावावर चढली, तो किस्सा मी तुला सांगितला होता. आता तसं होणे नाही. काउंटरवरची बाई नाव घालते, छोट्याशा यंत्रातून लेबलांची पट्टी बाहेर येते. मी माणसाला खुर्चीत बसवते, पूर्ण नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून वदवून घेते, रक्त काढते आणि तिथल्या तिथे लेबल चिकटवते. मग स्कॅनर धरला की टुक्क आणि पडद्यावर हिरवी खूण. पुढे लॅबमधलं यंत्र त्या काळ्या रेघा वाचतं. रोज टपाल आणून देणाऱ्या पोस्टमनलासुद्धा परवा तो रक्त द्यायला बसला तेव्हा मी नाव विचारलं. तो म्हणाला, "बाई, तुमची तब्येत बरी आहे ना?" नियम म्हणजे नियम. लेबल नसलेली नळी दिसली तर ती कुणाची म्हणून विचारायचंसुद्धा नाही. सरळ फेकायची आणि माणसाला पुन्हा टोचायचं.

आता तुझ्या बाबांचं. गुडघे तर दुखतातच, जन्मभर बसचा क्लच दाबल्यावर दुसरं काय होणार. पण मला त्याची पावलं आवडत नाहीत. संध्याकाळी मोजे काढले की घोट्याभोवती खोल वळ उठलेला असतो आणि बोटाने दाबलं तर खड्डा तसाच राहतो. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, किडनी तपासून घेऊ, घेऊन या. पण या माणसाने धुक्यात घाटातून बस काढली आहे आणि सुई म्हटलं की तोंड पांढरं पडतं! गोड बोलून आणते त्याला.

तुझी,
आत्या


२१ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझ्या बारकोडाचं कौतुक वाचून हसले. मी गोदामात दिवसभर दुसरं काय करते? पट्ट्यावरून पार्सल येतं, टुक्क, हिरवी खूण, पुढचं. एक सांगू? स्कॅनर फक्त वरचा कागद वाचतो. खोक्यात काय आहे ते त्या बापड्याला काय माहीत. मागच्या आठवड्यात एकाने घड्याळ मागवलं होतं, त्याला पातेल्याचं झाकण गेलं. स्कॅनरच्या लेखी सगळं बरोबर होतं.

बाबांच्या पावलांचं वाचलं आणि जेवण गेलं नाही. आत्या, मला खरं सांगत जा. मोठी सुट्टी मला एकदाच मिळेल. आत्ता घेतली तर इथली पक्की नोकरी हातची जाईल, कारण उन्हाळ्यापर्यंत जे खाडा न करता टिकतील त्यांनाच ठेवणार आहेत. म्हणून मी असं ठरवलंय: रिपोर्ट वाईट आला तर मी त्याच दिवशी निघेन, नोकरी गेली खड्ड्यात. चांगला आला तर थांबेन. तुझ्या एका ओळीवर ठरेल सगळं.

त्यांना घेऊन जा. उद्याच.

भिंगरी


४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

जीव भांड्यात पडू दे! किडनी ठणठणीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या वयात असा रिपोर्ट मला माझा आला तरी चालेल." सूज वयाची आणि पाय लोंबकळत ठेवून टीव्हीसमोर बसण्याची. गुडघ्यांसाठी त्यांनी चांगली जोरदार गोळी सुरू केली आहे. म्हणाल्या, ही गोळी किडनीला जड असते, पण यांना काय धाड भरली आहे! दोन दिवसांत दादा जिना उतरून कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गप्पा मारायला जाऊन आला.

तपासणीच्या दिवशी मात्र त्याने माझे नाकी नऊ आणले. रक्त देईपर्यंत "झालं का, झालं का", आणि झाल्यावर स्वतःच्या पायांनी उठायला गेला तो धाडकन आडवा! मी माझा कोट काढून त्याच्या डोक्याखाली घातला, पाय स्टुलावर ठेवले, तोंडावर पाणी मारलं. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "कुणी पाहिलं तर नाही ना?" सगळ्या दवाखान्याने पाहिलं होतं. मी म्हटलं, नाही रे बाबा.

तू तिथेच थांब. पक्की नोकरी पदरात पाडून घे. इथे मी आहे. आपला माणूस आपल्या हाताखाली आहे, याहून आणखी काय हवं?

आत्या


१३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पत्र गोदामाच्या जिन्यात उभ्यानेच वाचलं आणि मोठ्याने हसले, मुकादम बघायला लागला. किती बरं वाटलं सांगू. सुट्टीचा अर्ज लिहून ठेवला होता, तो फाडून टाकला.

बाबांना सांग, पाय वर ठेवून टीव्ही बघा. आणि गोळी चुकवू देऊ नकोस.

भिंगरी


८ मार्च

प्रिय भिंगरी,

उत्तराला उशीर झाला. दवाखान्यात गर्दी, आणि घरी दादाची कुरकुर. गुडघा बरा आहे, पण आता तोंडाला चव नाही म्हणतो. पाणीसुद्धा लोखंडासारखं लागतं म्हणे. दुपारी बसल्या बसल्या डुलक्या घेतो आणि अंगाला खाज सुटते. मी म्हटलं, अंघोळीला साबण लावत जा. डॉक्टरीणबाई म्हणतात, रिपोर्ट चांगला आहे, वय झालंय, भूक येण्याचं औषध देते. तू काळजी करू नकोस.

तुला हसवायला एक गोष्ट सांगते. आमच्याकडे पोहण्याचे एक मास्तर येतात. पन्नाशीचा माणूस, पण अंगावर चरबी म्हणून नाही. बायकोच्या हट्टापायी वर्षाची तपासणी करायला आले होते. त्यांचा रिपोर्ट आला तो काय, दोन्ही किडन्या निकामी व्हायच्या बेतात! एवढा धडधाकट गडी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. मुलांना कसं सांगू म्हणून विचारत होता. पुन्हा रक्त घेतलं तर सगळं स्वच्छ, घोड्यासारखं! लॅबवाले म्हणाले, यंत्र बिघडलं असेल. आम्ही त्यांना फैलावर घेतलं. मास्तर आता दिसेल त्याला सांगत सुटलेत, "मी मरून परत आलोय."

दादाला ही गोष्ट सांगितली, तो हसलासुद्धा नाही. झोपला होता बहुतेक.

आत्या


१६ मार्च

आत्या,

घाईत लिहिते आहे, घरच्या फोनवर बाबा शेजारी असतात आणि दवाखान्याचा फोन लागत नाही, म्हणून पत्र मिळाल्या मिळाल्या वाच आणि पाळ.

गोदामात शिकलेली एकच गोष्ट मला नक्की ठाऊक आहे. चूक कधी एकटी नसते. घड्याळवाल्याला झाकण गेलं तेव्हा मुकादमाने पहिला हुकूम काय सोडला, "झाकणवाल्याला शोधा, घड्याळ त्याच्याकडे आहे." आणि होतं.

मास्तरांना दुसऱ्याचा रिपोर्ट आला. मग मास्तरांचा कुणाला गेला? घोड्यासारखा रिपोर्ट कुणाला आला, आत्या? मास्तरांचं रक्त पहिल्यांदा कोणत्या दिवशी घेतलंस?

उलट टपाली उत्तर नको. बाबांना उठव, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने आणि पुन्हा रक्त घे. ती गोळी आधी बंद कर.

भिंगरी


२१ मार्च

भिंगरी,

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, बाई. तू तिथे खोकी मोजतेस आणि इथे मी चूक केली हे तुला तिथून दिसलं! सुतावरून स्वर्ग गाठायचा तो किती. बारकोडाची पद्धत मीच इथल्या सगळ्यांना शिकवली आहे. मास्तर त्याच दिवशी आले होते, हो. दहा माणसं त्या दिवशी आली होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, म्हणून कावळ्याने फांदी मोडली म्हणायचं का?

तुझ्या समाधानासाठी उद्या घेते रक्त. गोळी कालपासून बंद केली आहे.

दादाची सूज आज तोंडावर आली आहे.

आत्या


११ एप्रिल

प्रिय भिंगरी,

तुला आत्तापर्यंत फोनवर सगळं कळलं आहे. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तुला सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्या. गोळीने उरलीसुरली घालवली, आणि आणखी दोन महिने आधी आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. फोनवर तू मला एकच विचारलंस, "कसं?" दादा शेजारच्या खाटेवर होता. मी फोन ठेवला. कसं ते आता लिहिते.

त्या दिवशी दादाला मी खुर्चीत बसवलंच नाही. सुईला घाबरतो, चारचौघांत हसं व्हायला नको, म्हणून आम्ही डबे खातो त्या मागच्या खोलीत नेलं. लेबलांची पट्टी पुढेच राहिली. नाव विचारलं नाही. पोस्टमनला विचारलं, पण सख्ख्या भावाला नाव काय विचारायचं? रक्त घेतलं, दोन्ही नळ्या कोटाच्या खिशात टाकल्या, "जरा बस" म्हटलं आणि पुढे आले. खुर्चीत मास्तर होते. त्यांना नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, रक्त घेतलं, नळ्या स्टँडमध्ये उभ्या केल्या. लेबल उचलणार तेवढ्यात मागे धाडकन आवाज झाला.

मी धावले. कोट काढून त्याच्या डोक्याखाली घालताना काउंटरवरच्या बाईने खिशातल्या नळ्या काढून घेतल्या, फुटू नयेत म्हणून, आणि पुढे नेऊन त्याच स्टँडमध्ये ठेवल्या. तिने चांगुलपणानेच केलं. मी परत आले तेव्हा मास्तर कापूस दाबत निघून गेले होते आणि स्टँडमध्ये चार नळ्या होत्या. दोन पिवळ्या टोपणाच्या, दोन जांभळ्या, आणि एकीवरही नाव नाही. कोणत्या कुठे ठेवल्या ते काउंटरवरच्या बाईलाही सांगता येईना.

फेकायच्या होत्या गं. हेच तर मी सगळ्यांना शिकवते. मास्तरांना परत बोलवायचं आणि दादाला पुन्हा टोचायचं. मागे वळून पाहिलं, तर तो जमिनीवर पडलेला, ओठ पांढरे, आणि मला म्हणत होता, "झालं ना गं आता?" मी म्हटलं, झालं. पुन्हा सुई घेऊन त्याच्यापुढे जाणं माझ्या जिवावर आलं.

मग मी अक्कल चालवली. ताजं रक्त नळीत कोमट असतं. आधी दादाचं घेतलं, नंतर मास्तरांचं; म्हणजे गार नळ्या दादाच्या, कोमट मास्तरांच्या. बोटांनी एकेक चाचपली. दोन गार लागल्या, दोन कोमट. शंकेला जागाच नव्हती. स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं मला. लेबलं लावली, स्कॅनर धरला, चारही वेळा हिरवं आलं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी कोट काढताना माझा हात खिशात गेला. खिसा ऊबदार होता. दादाच्या नळ्या माझ्या अंगाला लागून होत्या, भिंगरी. माझ्याच उबेने कोमट राहिल्या. मास्तरांच्या मात्र पहिल्यापासून लोखंडी स्टँडमध्ये पंख्याखाली उभ्या होत्या, त्या गार पडल्या. हे मला खिशात हात असतानाच कळलं, आणि तरी मी तुला ते उद्धट पत्र लिहिलं. लिहीत होते तोवर माझी चूक खरी नव्हती, एवढंच काय ते सुख.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं आहे. त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाल्या, तुम्ही आता काउंटरवर बसा. मी काउंटरवर बसते.

दादाला सांगितलेलं नाही. जीभ उचलत नाही. तो वॉर्डात सगळ्यांना सांगतो की माझी बहीण होती म्हणून वेळेवर कळलं.

आत्या


१९ एप्रिल

आत्या,

तीन पत्रं लिहून फाडली. एकात तुला खूप बोलले होते, एकात माफ केलं होतं. दोन्ही खोटी होती.

खरं एवढंच आहे की तुझी "ठणठणीत" ही ओळ मी दुसऱ्यांदा वाचलीसुद्धा नाही. मला थांबायचंच होतं. पावलाला खड्डा पडतो आणि किडनी ठणठणीत, हे कसं, असं मी त्याच दिवशी विचारायला हवं होतं. अर्ज फाडण्याचीच घाई झाली होती मला.

मी येते आहे. रुग्णालयात उतरेन, तुझ्याकडे नाही. मी येऊन परत जाईपर्यंत माझ्याशी यातलं काही बोलू नकोस. पण बाबांना तू सांगायचं. मी नाही, डॉक्टर नाही, तू. "बहिणीमुळे वेळेवर कळलं" हे त्यांच्या तोंडून ऐकणं मला सहन होणार नाही. त्यांना निदान खरं कळून जाऊ दे.

भिंगरी


३० मे

प्रिय भिंगरी,

तू आलीस, राहिलीस, माझ्याशी औषधांबद्दल, चादरींबद्दल, बसच्या वेळांबद्दल बोललीस. तू म्हणालीस तशी मी गप्प राहिले. निघताना तू माझ्याकडे पाहिलंस, तेव्हा मी मान हलवली. म्हणजे सांगते, असं. ते राहिलेलं आज लिहिते.

तू गेल्यावर त्याला ते रक्त धुण्याचं यंत्र झेपेना. लावलं की रक्तदाब पाताळात जायचा. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, घरी न्या. नेलं. खिडकीपाशी त्याची खाट टाकली, तिथून त्याला बसथांबा दिसतो. पहिले दोन दिवस कोणती गाडी उशिरा आली ते मला सांगायचा. मी रोज ठरवायचे, आज चहा झाला की सांगते. मग चहा व्हायचा, आणि तो म्हणायचा, "तू होतीस म्हणून गं." की माझं राहायचं.

मग रक्तातली घाण डोक्यात चढली. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. मला आईच्या नावाने हाक मारायला लागला. मग हाक मारायचाच थांबला. भिंगरी, मी त्याला सांगितलं. परवा सकाळी, खाटेच्या कडेला बसून, पहिल्यापासून, खिशापर्यंत सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पुढच्या थांब्यावर उतरा, तिथून दुसरी गाडी मिळेल." मी उशीर केला. आता सांगण्यालाही उशीर झाला.

काल डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त मागवलं. लेबलं आणि स्कॅनर घेऊन घरी आलेल्या नव्या बाईला शीर सापडेना, त्याचे हात सुजून उशांसारखे झालेत. दोनदा टोचून ती रडकुंडीला आली. तेव्हा त्यांनीच फोन केला, "तुम्ही घ्या, घरीच आहात, पण नियमाने घ्या."

मी नियमाने घेतलं. त्याला उशीला टेकवून बसवलं, लेबलांची पट्टी मांडीवर ठेवली, स्कॅनर जवळ घेतला. आणि माझ्या भावाला म्हटलं, "आपलं पूर्ण नाव सांगा."

त्याने मान ताठ केली आणि नाव सांगितलं. त्याचं, आमच्या वडिलांचं, आडनाव, सगळं खणखणीत, डेपोत हजेरी द्यायचा तसं. जन्मतारीख विचारली, तीही बरोबर सांगितली. इतक्या दिवसांत एवढं नीट तो बोलला नव्हता. मला वाटलं, आला परत, आता सांगते.

दंडाला पट्टा बांधला, शीर पहिल्याच खेपेला मिळाली. तो घाबरला नाही, तोंड फिरवलं नाही, सुईकडे बघत राहिला. नळी भरली. ती मी खिशात टाकली नाही, हातातून खालीही ठेवली नाही. तिथल्या तिथे लेबल लावलं, स्कॅनर धरला, हिरवी खूण आली. आणि या खेपेला रक्त त्याचंच होतं.

मी कापूस दाबून धरला होता. तो माझ्या हाताकडे बघत होता. मग अनोळखी माणसाशी बोलतात तसा, अदबीने म्हणाला, "बाई, तुमचा हात हलका आहे हो. माझी बहीण पण हेच काम करते. पण तिला मला नाव विचारावं लागत नाही."

नळी अजून कोमट होती. मी ती डब्यात ठेवली आणि दवाखान्यात पोचवून आले.

तुला निघायचं असेल तर आता नीघ.

आत्या